गाडी रात्रीत बसते तेव्हा

रात्री अंगणात लावलेली गाडी सकाळी पाहावी, तर मडगार्ड चाकांवर टेकायला आलेलं. शेजारी विचारतो, "चारही टायर पंक्चर का हो?" टायर टणक असतात. इंजिन सुरू केलं की डाव्या दारांखालून घरघर ऐकू येते आणि थोड्या वेळात गाडी उंटासारखी उठते, आधी मागून, मग पुढून. मग दिवसभर तिची काही तक्रार नसते. त्यामुळे मालकही विषय सोडून देतो. एअर सस्पेन्शनच्या बहुतेक महागड्या दुरुस्त्यांचं मूळ इथेच असतं. दोन-चार महिन्यांनी गाडी बसते ती बसतेच, गॅरेजवाला सांगतो "कंप्रेसर गेला", आणि खिशाला मोठं भगदाड पडतं. कंप्रेसर गेलेला असतो हे खरं. पण तो का गेला, हे बहुतेक वेळा कुणी विचारत नाही.

या लेखात ते विचारायचं आहे. नमुन्यादाखल लँड रोव्हरची डिस्कव्हरी ३ घेतली आहे, कारण हवेवर उभ्या राहणाऱ्या ऑफ-रोड गाड्यांमध्ये तिच्या दुखण्यांची उकल जगभरच्या मालकांनी सगळ्यात बारकाईने केली आहे. डिस्कव्हरी ४, त्याच काळातली रेंज रोव्हर स्पोर्ट, आणि थोड्याफार फरकाने इतर कंपन्यांच्या एअर सस्पेन्शनच्या गाड्यांनाही हेच तर्क लागू पडतात.

हवेवर उभी गाडी

पहिली रेंज रोव्हर १९७० साली आली, ती कॉइल स्प्रिंगवर. बाकीच्या बहुतेक फोर बाय फोर तेव्हा पाट्यांवर धावत होत्या, म्हणून तिचंच केवढं कौतुक झालं. त्याच पिढीच्या शेवटच्या वर्षांत, १९९२ मध्ये, तिला इलेक्ट्रॉनिक ताब्यातलं एअर सस्पेन्शन मिळालं. २००४ मध्ये डिस्कव्हरी ३ आली. २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली, २००९ पासून या गाड्या भारतात रीतसर विकल्या जाऊ लागल्या आणि २०११ मध्ये पुण्यात लँड रोव्हरची जुळणीही सुरू झाली. त्या सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. नवी असताना जी गाडी आवाक्याबाहेर होती ती आता आवाक्यात येते. फक्त तिचे सुटे भाग अजून नव्या गाडीच्याच भावाने मिळतात.

हवेचा फायदा असा, की एकच गाडी तीन गाड्यांसारखी वागते. चढता-उतरताना ती नेहमीच्या उंचीपेक्षा सुमारे ५० मिलिमीटर खाली बसते, आडवाटेला लागल्यावर सुमारे ५५ मिलिमीटर वर उठते. वर उठलेली असताना डिस्कव्हरी ३ ला ७०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाता येतं. शिवाय खडकाळ वाटेवर एका आसाच्या डाव्या-उजव्या बलूनमधली हवा एकमेकांना जोडली जाते. एक चाक वर ढकललं गेलं की तिथली हवा दुसऱ्या बाजूला सरकते आणि त्या बाजूचं चाक खाली जमिनीला धरून राहतं. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीने एकसंध आसाची नक्कल करावी, तसा हा प्रकार. हा मुद्दा लक्षात ठेवा, गळती शोधताना तो पुन्हा येणार आहे.

आत काय काय असतं

आपल्याकडे लांब पल्ल्याच्या खासगी बसमुळे 'बलून' हा शब्द हायवेवरच्या प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक आहे. तोच इथेही चालेल. चार चाकांना चार बलून, म्हणजे जाड रबराच्या, खाली घडी पडणाऱ्या पिशव्या. डिस्कव्हरीत ती पिशवी आणि शॉक ॲब्सॉर्बर मिळून एकच नग असतो, त्याला स्ट्रट म्हणतात. डाव्या बाजूला, दारांच्या खाली, चासीला लागून कंप्रेसर आणि हवेची टाकी. कंप्रेसरलाच चिकटून ड्रायर, म्हणजे हवेतली ओल शोषणाऱ्या दाण्यांची डबी. हवा कुठे जावी, कुठे अडावी हे ठरवणारे व्हॉल्व्ह ब्लॉक. या सगळ्यांना जोडणाऱ्या ६ मिलिमीटर जाडीच्या नायलॉनच्या नळ्या. प्रत्येक चाकाजवळ उंची मोजणारा एक सेन्सर. आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारा कंट्रोलर, ज्याला आपण सोयीसाठी मेंदू म्हणू.

दाबाचा अंदाज असावा म्हणून सांगतो. टायरमध्ये आपण ३३-३५ ची हवा भरतो. इथल्या टाकीत त्याच मापाने २०० च्या वर हवा असते.

हात घालण्याआधी

अडीच टनांची गाडी हवेवर उभी असताना तिच्याखाली जायचं नाही. नुसत्या जॅकवर असतानाही नाही. हवा अचानक सुटली तर गाडी थेट बम्प स्टॉपच्या रबरी ठोकळ्यांवर बसते, आणि खाली असलेल्या माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. चासीखाली घोडे, म्हणजे जॅक स्टँड लावा, सपाट टणक जमिनीवर लावा, मगच खाली वाका. जॅक लावण्याआधी सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवा. नाहीतर एक कोपरा उंच झालेला पाहून मेंदू गाडी सपाट करायला निघतो. आणि नळीचा नट सोडताना तोंड बाजूला, डोळ्यांवर चष्मा. २०० च्या दाबाने उडालेला खडा डोळा घेऊन जातो.

मेंदूची एक खोड

अनेकांचं निदान चुकतं ते इथे. गाडी बंद करून किल्ली घरात नेली म्हणजे सस्पेन्शनही झोपलं, असं आपल्याला वाटतं. ते झोपत नाही. डिस्कव्हरी ३ चा मेंदू गाडी बंद केल्यानंतर २ तासांनी एकदा जागा होतो आणि पुढे दर ६ तासांनी. प्रत्येक वेळी तो चारही कोपऱ्यांची उंची पाहतो. एखादा कोपरा खाली गेला असेल तर त्याला वर उचलणं त्याच्या हातात नसतं, इंजिन बंद असतं. म्हणून तो दुसरा मार्ग धरतो. बाकीचे तीन कोपरे थोडे खाली सोडतो आणि गाडी सपाट करतो.

समजा, पुढचा डावा बलून गळतो आहे. रात्रभरात तो कोपरा उतरला, मेंदूने दर वेळी इतरांना त्याच्या पातळीला आणलं, आणि सकाळी गाडी चारही बाजूंनी सारखी बसलेली दिसली. मालक म्हणतो, "चारही बलून गेले." गॅरेजवाला म्हणतो, "चार कशाला जातील एकदम? कंप्रेसरच असणार." दोघंही प्रामाणिक, दोघंही चूक. गळत होता एकच कोपरा. बाकी तिघांची हवा मेंदूने आपल्या हाताने सोडली.

आधी बॅटरी

तरीही बलूनकडे जाण्याआधी बॅटरी पाहा. हे सांगताना मलाच थोडं वरणभातासारखं वाटतं, पण या गाडीत याला पर्याय नाही. विजेचा दाब घसरला की वेगवेगळे कंट्रोलर एकमेकांशी नीट बोलेनासे होतात आणि डॅशबोर्डावर भलत्याच दुखण्यांची नावं झळकू लागतात. त्यात सस्पेन्शनचा नंबर नेहमी वरचा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे अर्ध्यावर आली. स्टार्टर मारताना काटा १० च्या खाली कोसळत असेल, तर सस्पेन्शनचा कुठलाही संदेश खरा मानू नका. आधी बॅटरी बदला, मग बोलू.

दुसरा संशयित आणखी अनपेक्षित आहे, ब्रेकच्या पेडलजवळचा दिव्याचा स्विच. हा छोटा, स्वस्त भाग बिघडला की डिस्कव्हरी ३ एकाच वेळी सस्पेन्शन, उतारावर गाडी आवरणारी यंत्रणा आणि खास मोड, अशा सगळ्यांची तक्रार करते, आणि कधी गिअर पार्कमधून हलत नाही. असे तीन-चार असंबद्ध संदेश एकदम आले, तर सस्पेन्शन उघडण्याआधी ब्रेकचे दिवे पेटतात का ते पाहून घ्या.

आणि गाडी वर-खाली होतच नसेल तर दारंही पाहा. एखादं दार उघडं आहे असं मेंदूला वाटत असेल तर तो उंची बदलत नाही. दाराच्या कुलपातला स्विच खराब होऊन हे असं झालेलं आहे. उंची वाढवायला इंजिनही चालू लागतं. नुसती किल्ली फिरवून वाट पाहत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

रात्रीची परीक्षा

आता मुख्य चाचणी. खर्च शून्य. लागतं काय, तर टेप, कागद, पेन्सिल आणि एक रात्र.

गाडी सपाट जागी, नेहमीच्या उंचीवर लावा. चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजून लिहा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा आणि जमिनीचा उंचसखलपणा त्यात मिसळतो. मग सस्पेन्शनच्या मेंदूचा फ्यूज काढा. कुठला फ्यूज ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. फ्यूज निघाला की मेंदू जागा होणार नाही, चारही व्हॉल्व्ह मिटलेले राहतील आणि प्रत्येक कोपरा आपापल्या हवेवर एकटा उभा राहील. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्यूज लावण्याआधी, गाडीत बसण्याआधी, पुन्हा मोजा.

एकच कोपरा खाली गेला असेल, तर गळती त्याच कोपऱ्यात आहे. तिथला बलून, त्याचा सांधा, त्याची नळी किंवा ब्लॉकमधला त्याचा व्हॉल्व्ह, या चारांपैकी एक.

पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही सारखे उतरले असतील, तर त्या आसाच्या डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, अशी शंका घ्या. तो पाझरत असेल तर एका बाजूची गळती दोन्ही बाजूंना वाटली जाते. दोन बलून बदलण्याआधी त्या आसाचा व्हॉल्व्ह ब्लॉक तपासायला हवा.

फ्यूज काढल्यावर गाडी जागची हललीच नाही, आणि फ्यूज असताना मात्र रोज बसते? मग हवा कुठेच गळत नाही. एखादा उंचीचा सेन्सर खोटं सांगतो आहे आणि मेंदू त्याच्यावर विश्वास ठेवून गाडी उतरवतो आहे. अशा गाडीला नवे बलून घालून काही फरक पडत नाही.

चौथी शक्यता टाकीची. टाकी गळत असेल तर गाडी बसत नाही, कारण टाकीवर गाडी उभी नसते. फक्त सकाळी उठायला फार वेळ लावते. साठवलेली हवा संपलेली असते आणि सगळा भार कंप्रेसरवर येतो.

थोडंसं सगळीकडे सारखं उतरलं असेल तर घाबरू नका. हवा थंड झाली की आकसते. पुण्यात डिसेंबरात दुपारी ३० अंश आणि पहाटे १० अंश धरले, तर वजन तेवढंच असताना बलूनमधल्या हवेचं आकारमान साधारण साडेसहा टक्क्यांनी घटतं. तेवढी गाडी उतरणारच. त्याला गळती म्हणत नाहीत. म्हणून ही परीक्षा शक्यतो ज्या दिवसांत दिवसरात्रीचा फरक कमी असतो तेव्हा घ्यावी. पावसाळा त्यासाठी उत्तम, फक्त गाडी छपराखाली हवी.

साबणाचं पाणी

कोपरा कळला की गळतीची नेमकी जागा शोधायची. भांड्यांचं लिक्विड आणि पाणी यांचं दाट मिश्रण, एक जुना रंगाचा ब्रश आणि टॉर्च. सांध्यांवर, नळीवर, रबरावर लावायचं आणि धीर धरायचा. मोठी गळती लगेच बुडबुडे दाखवते. बारीक गळतीला मोहरीएवढा फेस यायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि आपण तेवढ्यात पुढच्या सांध्याकडे गेलेलो असतो.

मला हे तंत्र शिकवलं ते बसचे बलून बदलणाऱ्या एका मेकॅनिकने. मी गाडी खाली बसलेली असताना ब्रश फिरवत होतो. तो म्हणाला, "दादा, उचलून बघा आणि मग परत खाली करून बघा. घडी जागा बदलते." बलूनचं रबर खाली घडी घालून दुमडलेलं असतं आणि उंचीबरोबर ती घडी सरकते. नेहमीच्या उंचीवर जी चीर घडीत दबून बंद असते, ती गाडी वर केल्यावर उघडी पडते. काही ठिकाणी उलटही होतं. म्हणूनच एखादी गाडी घाटात उंच केल्यावर गळते आणि शहरात महिनोन् महिने ठणठणीत असते. दोन्ही उंचींवर तपासल्याशिवाय बलूनला निर्दोष ठरवू नये.

काही गाड्यांत स्ट्रटवर बाहेरून आवरण असतं, रबर सरळ दिसत नाही. तिथे आवरणाच्या खालच्या कडेला आणि वरच्या सांध्याला पाणी लावून पाहावं. कानही वापरा. इंजिन बंद, गल्लीत शांतता, चाकाच्या खोबणीत डोकं. बारीक 'सूं' ऐकू येतं.

नळीचा सांधा गळत असेल तर आनंद माना, ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे. सांध्यातली पितळी पकड नायलॉनमध्ये रुतलेली असते. जुनी झाली की तिथे चर पडतो आणि हवा वाट काढते. नळीचं टोक सेंटिमीटरभर, धारदार पात्याने, अगदी काटकोनात कापून पुन्हा घट्ट बसवलं की झालं. पक्कडीने किंवा कात्रीने कापू नका. टोक चेपतं आणि नवा सांधाही गळतो. चासीला घासून झिजलेली नळी असेल तर तेवढा तुकडा काढून मध्ये जोड टाकता येतो.

कंप्रेसर: मेला की मारला?

डिस्कव्हरी ३ ला मुळात हिताची कंपनीचा कंप्रेसर होता, पुढे एएमके कंपनीचा आला. दोन्हींचा स्वभाव एकच. थोडा वेळ पळायचं आणि मग दम घ्यायचा. आत एक छोटा दट्ट्या, तेलाशिवाय चालणारा, त्याच्यावर टेफ्लॉनसारख्या पदार्थाची कडी. फार वेळ चालला तर तापून स्वतःच थांबतो.

आता गळक्या गाडीत त्याचं काय होतं ते पाहा. रोज सकाळी तो गाडी शून्यातून उचलतो. दिवसातून चार-पाच वेळा, कधी सिग्नलला थांबल्यावरही, गळलेली हवा भरून काढतो. कडी झिजते. झिजली की तेवढीच हवा भरायला जास्त वेळ लागतो, म्हणून जास्त तापतो, आणखी झिजतो. ड्रायरमधले दाणे ओलीने आणि उष्णतेने भुगा होऊ लागतात. तो पांढरा भुगा हवा बाहेर सोडणाऱ्या, म्हणजे सुटीच्या, व्हॉल्व्हमध्ये अडकतो आणि व्हॉल्व्ह धड मिटत नाही, धड उघडत नाही. शेवटी एक दिवस कंप्रेसर थांबतो. सुरुवात मात्र सहा मिलिमीटरच्या नळीने केलेली असते.

एका परिचितांच्या गाडीत हेच झालं. गाडी कुठली ते महत्त्वाचं नाही. पहिला कंप्रेसर गेला, नवा बसवला. वर्षाच्या आत तोही आवाज करू लागला. "डुप्लिकेट माल" म्हणून सगळ्यांनी नाक मुरडलं आणि तिसरा मागवायची तयारी झाली. तेव्हा कुणीतरी रात्रीची परीक्षा घेतली. मागचा उजवा कोपरा २८ मिलिमीटर खाली. नळी चासीच्या क्लिपला घासून पातळ झाली होती.

कंप्रेसर खरंच थकला आहे का, हे पाहायचं असेल तर क्रम असा. तो चालूच होत नसेल, तर आधी त्याचा फ्यूज, मग रिले, मग खालचा कनेक्टर. चिखलातून गाडी नेली असेल तर त्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज हमखास सापडतो. चालतो पण गाडी उठत नाही, तर हवा आत घेणारी वाट तुंबली आहे का, सुटीचा व्हॉल्व्ह उघडा राहिला आहे का ते पाहा. सुटीच्या तोंडाला बोट लावून किंवा साबण लावून कळतं. भरताना तिथून हवा येता कामा नये. फार खडखड वाजतो, तर बेअरिंग गेलं असेल, नाहीतर नुसते धरून ठेवणारे रबरचे तुकडे तुटून तो आवरणावर आपटत असेल. झिजलेल्या कडीसाठी बाजारात दुरुस्तीचा संच मिळतो, आणि शरीर चांगलं असेल तर त्याने कंप्रेसर पुन्हा उभा राहतो. ड्रायरचे दाणेही त्याच वेळी बदला.

नवा कंप्रेसर घालताना रिलेही नवा घाला, हे मी हट्टाने सांगतो. रिलेची आतली टोकं जळून एकमेकांना चिकटली, तर किल्ली काढल्यावरही कंप्रेसर चालू राहतो, रात्रभर तापतो, बॅटरीही संपवतो. नव्या कंप्रेसरच्या किमतीपुढे रिलेची किंमत चिल्लर आहे. हिताचीच्या जागी एएमके बसवत असाल तर मेंदूचं सॉफ्टवेअरही त्याप्रमाणे बदलावं लागतं. तेवढंच विसरून लोक नव्या कंप्रेसरला नावं ठेवतात.

कोड वाचताना

रस्त्यावर मिळणारा साधा स्कॅनर इंजिनचे कोड वाचतो. सस्पेन्शनच्या मेंदूत तो शिरतच नाही आणि "काही फॉल्ट नाही" असं सांगून मोकळा होतो. लँड रोव्हरच्या कंट्रोलरांशी बोलू शकणारं उपकरण हवं. मालकांमध्ये गॅप कंपनीचं आयआयडी टूल प्रसिद्ध आहे.

दोन कोड वारंवार भेटतात. सी१ए२० म्हणजे टाकी भरताना दाब हवा तितक्या वेगाने वाढत नाही. लोक याचा अर्थ लगेच "कंप्रेसर कमजोर" असा लावतात. तो असेलही. पण टाकीजवळचा सांधा गळत असेल, हवा आत घेणारी नळी निसटली असेल, तरी हाच कोड येतो. सी१ए१३ म्हणजे हवा सोडली तरी दाब उतरत नाही. इथे बोट सुटीच्या व्हॉल्व्हकडे आणि त्यात अडकलेल्या भुग्याकडे जातं. कोडने रोगाचं नाव कळत नाही, ताप किती ते कळतं. तो लिहून ठेवा, पुसा, गाडी चालवा. परत जो येतो तोच खरा, बाकीचे जुने किंवा बॅटरीचे.

उंचीचे सेन्सर

सेन्सरचं दुखणं गळतीसारखं संथ नसतं, लहरी असतं. खड्ड्यातून गेलं की संदेश येतो, गाडी बंद करून सुरू केली की जातो. एखादा कोपरा विनाकारण उंच राहतो. प्रत्येक सेन्सरला एक छोटा हात असतो, तो चाकाबरोबर वर-खाली होतो. त्याचा सांधा निसटणं किंवा कनेक्टरमध्ये पाणी जाणं, हे दोन नेहमीचे गुन्हे. उपकरण जोडून गाडी खालून वर नेताना चारही आकडे पाहा. ते सलग चढले पाहिजेत. कुठे अडखळला, उडी मारली, तर तो सेन्सर. नवा लावल्यावर उंचीचं कॅलिब्रेशन करावंच लागतं, नाहीतर गाडी एका खांद्याने वाकडी चालते.

चिखल, खार आणि पाऊस

सह्याद्रीतली तांबडी चिकणमाती वाळली की तिची कौलासारखी खरखरीत वडी होते. ती बलूनच्या घडीत बसली, तर प्रत्येक खड्ड्याला रबर तिच्यावर घासतं. म्हणून पावसाळी भटकंतीनंतर गाडी पूर्ण वर उचला आणि घडीतून साध्या पाण्याने माती सोडवा. प्रेशरची धार कनेक्टरांवर मारू नका. कोकणात आणि गोव्यात गाडी असेल तर खाऱ्या हवेने कंप्रेसरच्या आवरणाचे बोल्ट असे गंजतात, की दुरुस्तीपेक्षा ते काढण्यात जास्त वेळ जातो. आधीच ग्रीस लावून ठेवलेलं बरं.

आणि गाडी महिनोन् महिने एकाच उंचीवर उभी ठेवू नका. रबर एकाच घडीवर चिरतं. महिन्यातून एकदा तिला तिन्ही उंचींवर नेऊन आणा.

रानात अडकलात तर

गाडी ठोकळ्यांवर बसली आहे आणि मोबाईलला रेंज नाही. आधी इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. कंप्रेसर तापून थांबला असेल तर तो पुन्हा चालू होतो. नाही झाला तर फ्यूज आणि रिले पाहा. बॅटरीची ऋण तार काही मिनिटं काढून परत लावली तर बरेच खोटे कोड जातात.

काहीच जमलं नाही तरी गाडी चालते. ठोकळ्यांवर बसलेली गाडी दणके खात, सावकाश, ताशी ५० किलोमीटरच्या आत ठेवून गावापर्यंत नेता येते. ती उड्या मारेल, टायर मडगार्डला घासत नाहीत एवढं फक्त पाहा. लांबच्या सफरींना जाणारे लोक टायरसारखे हवेचे निपल लावलेल्या नळ्यांचा आपत्कालीन संच बसवून घेतात. त्यातून टायरच्या पंपाने बलून सरळ भरता येतात. साध्या पंपाला दम लागतो, पण गाडी ठोकळ्यांवरून उठते. भरण्याआधी सस्पेन्शनचा फ्यूज काढायचा, नाहीतर भरलेली हवा मेंदू परत सोडून देईल.

कॉइल बसवून टाकावी का?

एअर काढून कॉइल बसवण्याचे संच मिळतात. १९९०च्या दशकातली रेंज रोव्हर दुर्गम भागात वापरणाऱ्याने तसं केलं तर मी त्याला दोष देणार नाही. डिस्कव्हरी ३ मध्ये मात्र नुकसान मोठं आहे. उंची बदलता येत नाही, डावी-उजवी हवा जोडणारी करामत जाते, आणि मेंदूला सॉफ्टवेअरने गप्प केलं नाही तर डॅशबोर्डावरचे दिवे कायमचे पेटलेले राहतात. एका गळक्या सांध्यापायी एवढं करू नये. नवी गाडी असो वा जुनी, सस्पेन्शनच्या फ्यूजचा क्रमांक आजच एका कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा, आणि त्याच्या शेजारी एक टेप.